खड्यांखालची गाळणी

गौलीगुड्यातील आमच्या घराच्या ओसरीवर दोन फूट लांबीची काचेची पेटी आहे. पुतण्याच्या मुंजीत कोणीतरी ती भेट दिली, आणि तेव्हापासून घरातील मंडळी वर्तमानपत्राआधी तिच्यापुढे बसतात. आपले पाणी जड. गप्पी आणि मॉली या माशांना ते मानवते, म्हणून तेच पाळले.

पाडव्याच्या साफसफाईत मी एक पराक्रम केला. पेटीतील खडे परातीत काढले आणि नळाच्या धारेखाली ते मोत्यांसारखे चमकेपर्यंत चोळून धुतले. माशांसाठी पाणी मात्र दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडालेलेच घेतले होते. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. पाचव्या दिवशी दोन गप्पी तेवढे उरले. पुतण्या रडला नाही. त्याने एवढेच विचारले, “काका, खडे कोणी धुतले?”

तीस वर्षे मुलांना स्वच्छतेचे धडे देणाऱ्या मुख्याध्यापकापाशी उत्तर नव्हते. मग वाचन करावे लागले.

या पेटीत तळाशी प्लास्टिकची सच्छिद्र जाळी असते, तिच्यावर दोन-अडीच इंच खड्यांचा थर. कोपऱ्यातील उभ्या नळीत लहानसा पंप हवा सोडतो. बुडबुडे वर जाताना पाणी ओढून नेतात आणि त्याची जागा घेण्यास वरचे पाणी खड्यांतून खाली झिरपते. मी समजत होतो की खडे केवळ कचरा अडवतात. खरे काम खड्यांवर वसलेले सूक्ष्म जंतू करतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजलेल्या अन्नातून निघणारा अमोनिया विषारी. काही जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडले, तेव्हा काही दिवसांनी अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते काम थांबले. म्हणजे काम करणारे सजीव होते. मी क्लोरोफॉर्मऐवजी नळाचे पाणी वापरले, इतकाच फरक! ही वस्ती पुन्हा बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

मग ही गाळणी चांगली की वाईट? स्वस्त आहे, पाण्यात फिरणारा भाग नाही, आणि सगळा तळच गाळणी होतो हा मोठा लाभ. पण जाळीखाली गाळ साचत राहतो, आणि तो काढायचा तर पेटी मोडावी लागते. बारीक वाळू चालत नाही, ती जाळीत अडकते. मुळे पसरणाऱ्या वनस्पती लावाव्यात तर मुळे जाळीत गुंततात. तळ उकरणारे मासे असले तर खड्यांत खळगे पडून पाणी तेवढ्याच वाटेने धावते. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि खड्यांतील प्राणवायू संपत जातो. तासन्‌तास असे झाले तर जंतूंची वाताहत. (पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, नाहीतर बंद पडल्यावर पाणी उलटे वाहून त्यात शिरते.) लहान पेटीसाठी स्पंजाची गाळणी मला आता अधिक सोयीची वाटते, ती बाहेर काढून पिळता तरी येते, अर्थात पेटीतीलच पाण्यात.

आमच्याकडे मात्र जुनीच जाळी पुन्हा बसवली, कारण पुतण्याचा हट्ट. आता दर पंधरवड्याला तो नळी लावून एका बाजूचेच खडे उपसतो, उरलेल्यांना हात लावत नाही. तेवढे पाणी मुरवलेल्या पाण्याने भरतो. दीड महिना दोन गप्पींखेरीज एकही मासा आणू दिला नाही त्याने. गेल्या रविवारी चार मॉली आल्या. पेटीवर त्याच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: “मोठ्या माणसांनी खडे धुऊ नयेत.”