डोके कोणाचे तपासायचे?

मुलगा खोलीचे दार लावून बसतो, मुलगी जेवत नाही, बोलले की अंगावर येतात, अभ्यासात लक्ष नाही. सबब त्यांना ‘काउन्सेलिंग’ला न्यावे, चार-सहा बैठका उरकाव्यात आणि सराव परीक्षेआधी सरळ झालेले पोर ताब्यात घ्यावे, अशी महाराष्ट्रातल्या सुखवस्तू आई-बापांनी सोयीस्कर समजूत करून घेतली आहे. गॅरेजात गाडी टाकावी तशी ही पोरे टाकली जातात. पैशाची तक्रार नाही. तासाला हजार-दीड हजार निमूट मोजले जातात. तयारी नाही ती एकाच गोष्टीची, स्वतः त्या खोलीत बसण्याची! आमचा आरोप हाच आहे आणि तो करताना आम्ही कोणाची भीड बाळगणार नाही.

शहरातल्या कोणत्याही समुपदेशन केंद्रात संध्याकाळी डोकावून पाहा. समुपदेशक मुलाला विचारतात, “झोप लागते का रे?” उत्तर आई देते : “मोबाइल खाली ठेवला तर लागेल ना!” “तुला काय वाटतं?” पुन्हा आईच : “त्याला काही वाटतच नाही, तेच तर दुखणं आहे.” मुलगा बाहीचे बटण लावतो, काढतो, पुन्हा लावतो. वडील खाली गाडीत फोनवर आहेत. पुढच्या वेळी दोघांनी या, असे सांगितले की ठरलेले उत्तर येते : “आम्ही कशाला? प्रॉब्लेम त्याला आहे.” पण हेच गृहस्थ दोन आठवड्यांनी जिन्यात समुपदेशकाला गाठतात. “काय काय बोलला, ते जरा आम्हाला सांगा. शेवटी फी आम्ही भरतो.” मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावेच लागते, पण एरवी त्याचे बोलणे त्याचेच राहते. एवढे ऐकवले की यांचे तोंड कडू होते आणि पुढच्या आठवड्यात केंद्र बदलते.

घरातल्यांना उपचारात ओढणे हे पाश्चात्त्यांचे थेर आहे म्हणणाऱ्यांनी जरा आपल्याच देशाचा इतिहास चाळावा. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही तिथे राहायला लावले. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंबासाठी स्वतंत्र उपचारकेंद्रच उभे राहिले. ज्या घरात दुखणे वाढले, त्या घराला वगळून ते बरे होत नाही, हे आपल्या डॉक्टरांनी तंबूत राहणाऱ्या साध्या कुटुंबांच्या गळी उतरवले. पदवीधर, फ्लॅटधारक आई-बापांना मात्र ‘मीटिंग’ आहे!

आणि हा काही हौसेचा विषय नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत पहिला क्रमांक आमचा. पुढच्या वर्षी हा आकडा दोन हजारांवर गेला आणि पहिला क्रमांक कायम राहिला. फुले, आगरकर, कर्व्यांचे नाव घेत शिक्षणाचा टेंभा मिरवणाऱ्या राज्याने हा मान पटकावावा! जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात ‘नीट’च्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून एका मुलीला घरात मारहाण झाली आणि ती दगावली. आरोप खुद्द बापावर आहे, आणि बाप पेशाने शिक्षणक्षेत्रातला. न्यायालय काय ते ठरवील. आम्ही एवढेच विचारतो, त्या घरात डोके तपासण्याची गरज कोणाला होती?

“आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही,” हे आणखी एक पालुपद. होते. त्याला तेव्हा बाहेरची बाधा म्हणत, अंगारा लावत, नाहीतर मुलीचे लग्न लावून मोकळे होत. निम्मे मनोविकार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत डोके वर काढतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवी-नववी. नेमक्या त्याच वयात आम्ही पोराला ‘फाउंडेशन बॅच’ला जुंपतो आणि रुसला तर ‘नाटकं करतो’ म्हणतो.

सरकारला यातून सोडायचे कारण नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचा आदेश दिला. गुणांवरून मुलांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडू नका, पालकांचेही प्रबोधन करा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समित्या नेमा, असेही बजावले. लातुरात किंवा पुण्यात क्लासच्या दारावरचे फलक पाहा आणि या आदेशाचे काय झाले ते ठरवा. परीक्षा मंडळ दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते. मन काय हॉलतिकीट आल्यावरच आजारी पडते? अनेक शाळांत तर चित्रकलेच्या नाहीतर पी.टी.च्या मास्तरांच्या गळ्यात ‘समुपदेशक’ ही पाटी अडकवून मुख्याध्यापक मोकळे होतात. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरा नाही, ही अडचण खरी. पण नेमणूकच न करण्याची ती सबब होऊ शकत नाही.

मजुरीला जाणाऱ्या, तालुक्याला तज्ज्ञच नसलेल्या आई-बापांवर आमचा रोख नाही. त्यांचा देणेकरी सरकार आहे. रोख आहे तो त्यांच्यावर, ज्यांना तज्ज्ञ परवडतो, जवळ आहे, फक्त स्वतःबद्दलचे दोन प्रश्न ऐकून घेणे परवडत नाही. घरात शेवटचे एकत्र कधी जेवलात? रागावल्यावर हात उगारता का? मोठ्या भावाशी तुलना किती वेळा करता? या प्रश्नांना घाबरणारा बाप पोराला मात्र ‘धीट हो’ म्हणून सांगतो.

तेव्हा शाळांनी जूनच्या पहिल्या पालकसभेत नेमलेल्या समुपदेशकाचे नाव आणि त्याची पात्रता फलकावर लावावी. फलक रिकामा असेल तर पालकांनी फी भरण्याआधी मुख्याध्यापकांना जाब विचारावा. समुपदेशकांनीही कणा दाखवावा आणि आई-बाप दोघेही बसायला तयार नसतील, तर मुलाला एकट्याने ‘दुरुस्त’ करून देण्याची कामे घेऊ नयेत. स्वतः मदत मागणाऱ्या मुलाला मात्र, घरचे येणार नसले तरी, दारातून परत पाठवू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. तो पोरानेच लावावा असा नियम नाही. आज रात्री तो बापाने लावावा.