पांढऱ्या चांदणीचे सोंग

गेल्या डिसेंबरात जव्हारमध्ये एका चहाच्या टपरीपुढे दुसरे महायुद्ध येऊन थांबले होते. सैन्यातला तो मातकट हिरवा रंग, बॉनेटवर ठसठशीत पांढरी चांदणी, बाजूला पट्ट्याने आवळलेले फावडे आणि कुऱ्हाड, मागे पेट्रोलचा चौकोनी डबा. भोवती शाळेची पोरे जमली होती. गाडीचे मालक मुंबईचे. माणूस मोठा गोड आणि उत्साही. त्यांनी पोरांना ऐकवले, “ही अस्सल अमेरिकन जीप. एकूण एक भाग ओरिजिनल!” पोरे आ वासून ऐकत होती. मास्तराला वाईट खोड असते, कोणी काही ठामपणे सांगितले की तो मोजायला लागतो. मी जीपच्या तोंडावरच्या उभ्या फटी मोजल्या. सात भरल्या.

ज्यांना या फटींचे महत्त्व ठाऊक नाही त्यांनी फराळाचे ताट जरा बाजूला ठेवून दोन मिनिटे ऐकावे. युद्धातल्या जीपच्या जाळीला फटी नऊ. विलीज कंपनीने अमेरिकेतल्या टोलेडो गावी ही गाडी केली, आणि मागणी एकट्याच्या आवाक्याबाहेर गेल्यावर तिच्याच नमुन्यावर फोर्डनेही केली. दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर काढल्या. युद्ध संपले, विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली आणि तिच्या तोंडावर सात फटी ठेवल्या. पुढे १९५३ मध्ये उंच नाकाची जीप आली. नवे इंजिन उंचीला जास्त, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले. आपल्याकडे महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावात विलीजच्या जीपा जुळवायला सुरुवात केली होती. ही उंच नाकाची जात त्यांनी नंतर उचलली आणि अमेरिकेत १९६८ मध्ये ती बंद पडल्यावरही कित्येक वर्षे चालू ठेवली. आमच्या जव्हार-मोखाड्याला ‘जीप’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ही.

टपरीपुढची जीप उंच नाकाची होती. युद्ध संपले १९४५ मध्ये. म्हणजे ज्या गाडीचा नमुनाच मुळी युद्धानंतर आठ वर्षांनी निघाला, तिच्या कपाळी युद्धातली चांदणी! नातवाच्या छातीवर आजोबांचे पदक लावायचे आणि वर त्याला लढाईच्या गोष्टी सांगायला बसवायचे, त्यातला हा प्रकार.

एवढ्यावर हसून मी चहा संपवला असता. पण आमचे मेस्त्री तिथे आले. ते गाडीखाली वाकले, डाव्या बाजूच्या चेसिसवरून त्यांनी हात फिरवला आणि उठून माझ्या कानाशी म्हणाले, “गुरुजी, ही आपली खोडाळ्याची गाडी. हा टाका माझा आहे.”

खोडाळ्याची गाडी! ही जीप मी लहानपणापासून ओळखत होतो आणि समोर उभी असताना ओळखली नाही. तिच्या मागल्या बाजूला समोरासमोर दोन लांब बाकडी होती. टपावर लोखंडी नळ्यांचे कॅरिअर होते, त्यावर नाचणीची पोती, कोंबड्यांचे खुराडे आणि बाजाराच्या दिवशी माणसेही बसत. मागे एक जास्तीची पायरी जोडलेली होती, तिच्यावर उभे राहून मी स्वतः परीक्षेला गेलो आहे. मूळचे पेट्रोल इंजिन कधीच उतरले होते. पेट्रोल परवडेना म्हणून मालकाने डिझेलचे बसवून घेतले, आणि त्या इंजिनाचा आवाज घाटाखालून आला की वरच्या पाड्यावरची माणसे गाठोडी उचलून रस्त्यावर येत. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर झाले. त्या दिवसांत याच गाडीने किती आजारी पोरे जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात आणून पोचवली याची नोंद कोणत्याही वहीत नाही. नोंद होती ती गाडीच्या अंगावर. मधल्या बाकाला एक लोखंडी कडी जोडलेली होती, झोळी अडकवायला. मूल मांडीवर धरून बसलेल्या बाईचे हात घाटात भरून येतात, म्हणून मेस्त्रींनी ती बसवली होती.

ती कडी गेली. बाकडी, पायरी, कॅरिअर, डिझेल इंजिन, सगळे गेले. महिंद्रांची पत्र्याची पट्टी उखडून तिथे अमेरिकेहून मागवलेली नवी पट्टी आली. आणि या सगळ्याला म्हणायचे काय, तर ‘ओरिजिनल’.

आता मी कोणाशी भांडतो आहे ते नीट सांगितले पाहिजे, नाहीतर जुन्या गाड्या जपणारे सगळेच लोक मला दगड मारतील. त्यांच्यात जे खरे जाणते आहेत त्यांच्याविषयी मला आदर आहे. थोडी असूयाही आहे. फोर्डने केलेल्या युद्धजीपच्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा, ‘एफ’ अक्षर उमटवलेले असे. असा एकेक बोल्ट शोधण्यात माणसे वर्षे घालवतात. अमेरिकेत १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून तिथल्या तरुणांना दांडग्या इंजिनांच्या गाड्यांचे जे वेड लागले, त्या गाड्या आज पुन्हा उभ्या करणाऱ्यांची तऱ्हा याहून सूक्ष्म. इंजिनावर ठोकलेला आकडा चेसिसच्या आकड्याशी जुळला पाहिजे. एकेका सुट्या भागावरची तारीख गाडीच्या जन्मतारखेच्या आधीची, पण फार आधीची नाही, अशी पाहिजे. कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने ओढलेली रेघसुद्धा पुन्हा त्याच जागी तशीच ओढतात. आपल्याला हसू येईल. मला येत नाही. खडूच्या रेघेसाठी जुने फोटो धुंडाळणारा माणूस संशोधक आहे, आणि आपल्या देशात संशोधकाला हसण्याची चैन आपण पुष्कळ केली आहे.

शुद्ध प्रतीचा ध्यास आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वरीत तीन शतकांत शिरलेले अपपाठ काढून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी ती शुद्ध केली. पण नाथांनी काय केले आणि काय केले नाही, हे पाहा. आपण शोधन केले हे त्यांनी सांगितले, कधी केले हेही सांगितले, आणि पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी सक्त ताकीद दिली. टपरीपुढच्या गृहस्थांनी उलटे केले. त्यांनी गाडीच्या खऱ्या ओव्या पुसल्या, दुसऱ्याच ग्रंथातल्या चार सुंदर ओव्या घातल्या आणि वर शुद्ध प्रत म्हणून शिक्का मारला. ती गाडी खरोखर मुळाबरहुकूम करायची असती तर महिंद्रांचे भाग शोधायला हवे होते, मुंबईत आणि नाशकात भंगाराच्या दुकानांतून हिंडायला हवे होते. ते कष्टाचे काम. चांदणी रंगवायला एक दुपार पुरते.

तेव्हा माझा पहिला आक्षेप असा की ही अस्सलपणाची आवड नाही, ती अस्सलपणाची लाज आहे. माझगावात जन्मलेली आणि मोखाड्यात राबलेली गाडी म्हणजे काहीतरी कमी. ती टोलेडोची आणि नॉर्मंडीची झाली की तिला किंमत. हा रोग काही गाड्यांपुरता नाही, पण त्यात आज शिरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो सरकारवर आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ धरली जाईल, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळेल, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षे. नियम झाले हे चांगले झाले. नाहीतर या गाड्या भंगारातच जायच्या. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच.

दिल्लीतल्या टेबलावर हे वाक्य निर्दोष दिसत असेल. ते मोखाड्यात आणून पाहा. पन्नास वर्षे जिचे इंजिन बदलले नाही अशी जीप इथे कोणाकडे असेल? जी पन्नास वर्षे चाललीच नाही त्याच्याकडे! राजाच्या तबेल्यात झाकून ठेवलेली मोटार या नियमाने वारसा ठरते. ठरू दे, माझे काही म्हणणे नाही. पण जिने पावसाळ्यात एसटी बंद पडल्यावर माणसे वाहिली, जिचा चेसिस घाटात तडकला आणि मेस्त्रींनी रात्री कंदील लावून जोडला, ती फेरफार केलेली, म्हणून नापास. काम केल्याचा पुरावा हाच अपात्रतेचा पुरावा. मग गरीब मालकाने काय करावे? एकतर गाडी भंगारात घालावी, नाहीतर ज्याला ती ‘मूळ रूपात’ आणणे परवडते त्याला विकावी. खोडाळ्याच्या मालकाने विकली. त्याला मी दोष देत नाही, त्याच्या घरी मुलीचे लग्न होते.

यावर कोणी विचारील, मग काय प्रत्येक ठोकाठोकीला वारसा म्हणायचे? उद्या कोणी जुन्या जीपला प्लॅस्टिकच्या माळा आणि निळे दिवे लावील, तेही जपायचे? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर जगात शोधून झालेले आहे. जुन्या वाहनांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेला, त्याने २०१२ मध्ये ट्युरिन सनद म्हणून एक मसुदा संमत केला. त्यात गाडी नवीकोरी करण्यापेक्षा ती आहे तशी जपण्याला मान आहे, तिच्या आयुष्यात तिच्यावर उमटलेल्या खुणांना मान आहे, आणि नवा भाग बसवलाच तर तो नवा म्हणून ओळखू यावा अशी कायमची खूण करा, असे सांगितले आहे. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध स्पर्धेत न रंगवलेल्या, न उजळलेल्या जुन्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. म्हणजे ज्या अमेरिकेची चांदणी आपण रंगवतो, ती अमेरिका जुन्या ओरखड्याला बक्षीस देते, आणि आपण ओरखडा लांबी भरून बुजवतो!

आपल्या नियमात एक पोटकलम घालणे अवघड नाही. जो बदल गाडीच्या चालत्या आयुष्यात उपयोगासाठी झाला आणि ज्याला बरीच वर्षे उलटली, तो बदल गाडीचा इतिहास मानावा. किती वर्षे, ते तज्ज्ञांनी ठरवावे. वीस म्हणा, तीस म्हणा. आणि जो काढायचा असेल तो काढण्याआधी त्याचा फोटो व नोंद मागावी. कारकुनाला एक कागद वाढेल. त्याला सवय असते.

खरे तर ही गोष्ट आम्हा इकडच्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. आमच्याकडे बोहाडा होतो. देवदेवतांचे आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचतात. एकेका सोंगाचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराकडे असतो. मुखवटा फुटतो, त्याला कागद चिकटवतात, पुन्हा रंगवतात. कोणाच्या आजोबाने सोंडेला घातलेला टाका नातू तसाच ठेवतो. गणपतीचा मुखवटा ‘मूळ रंगात’ आणा म्हणून कोणी अर्ज केलेला नाही. आणि कुडाची भिंत दरवर्षी सारवली जाते, तरी घर आजोबांचेच म्हणतात. बोहाड्याचे सोंग आणि टपरीपुढचे सोंग यांत फरक एवढाच की बोहाड्यात पाहणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला दोघांनाही ते सोंग आहे हे माहीत असते.

त्या दिवशी मी मालकांना हे थोडक्यात सांगून पाहिले. ते रागावले नाहीत. सात फटींचे ऐकून जरा खट्टू झाले, मग म्हणाले, “मास्तर, पण लोकांना चांदणीच आवडते हो.” मी झोळीच्या कडीचे विचारले. त्यांना आठवेना. सुटे भाग गॅरेजवाल्याने वजनावर घातले असतील, म्हणाले.

इंजिनाचा तेवढा पत्ता लागला. खोडाळ्याकडे एका गिरणीवर ते चौथऱ्यावर बसवलेले आहे आणि भात भरडते आहे. मेस्त्री महिन्यातून एकदा तेल बघायला जातात. परतताना मी त्यांच्यासमोर हा सगळा लेख तोंडी म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “तुमचे खरे आहे गुरुजी. पण रंगकाम मात्र त्या पोराने झकास केलेय. मला तसा हात नाही.”