उभ्या गाडीचा आवाज

धावत्या गाडीचे दुखणे सहसा कळत नाही. ती उभी राहिली, की बोलू लागते.

मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आम्ही आमची जुनी पेट्रोल कार विकायला काढली. सकाळी स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद खडखड व्हायची आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची. एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला, "जाड ऑइल टाका. काही दिवस आवाज दबेल. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

सल्ला मोहात पाडणारा होता. तरी आधी तळवड्यातल्या गॅरेजमध्ये उस्तादांकडे गेलो. त्यांनी समजावले ते वाचकांच्याही कामाचे आहे.

इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्ट ते उघडते. न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह 400 वेळा उघडतो. उभ्या गाडीत दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त उघडे राहिले, तर जळालेला धूर ताज्या हवेत मिसळतो आणि इंजिन थरथरते. वेग वाढल्यावर मात्र वेगळी वेळ सोयीची असते. ही वेळ बदलणारी यंत्रणा म्हणजे व्हीव्हीटी. कॅमशाफ्टच्या टोकावरच्या चाकात ऑइलचा दाब सोडून ती कॅम पुढेमागे सरकवते.

गरम इंजिन न्यूट्रलमध्ये असताना ऑइलचा दाब सर्वांत कमी असतो आणि बंद गाडीत तो नसतोच. म्हणून अनेक गाड्यांत एक छोटी पिन चाकाला मूळ जागी अडकवते. पिन झिजली, की दाब येईपर्यंत चाक आपटते. ती सकाळची खडखड. ऑइल काळे होऊन जाळी तुंबली, की चाक वेळेवर मागे येत नाही, ती थरथर.

"मग इंजिन खोलायचं?" आम्ही विचारले.

"इतकी घाई नको, सर. आधी ऑइलची पातळी बघू, मग स्कॅनर लावू."

कॉम्प्युटर कॅमला कुठे जायला सांगतो आणि कॅम प्रत्यक्षात कुठे आहे, हे स्कॅनरवर दिसते. आमच्या गाडीत दोन आकडे जुळत नव्हते. जाळी साफ करून कंपनीच्या पुस्तिकेतले ऑइल भरल्यावर ते जुळले आणि थरथर थांबली. तसे झाले नसते, तर ताणलेली चेन किंवा झिजलेले चाक तपासावे लागले असते. सकाळची खडखड मात्र राहिली.

"जाड ऑइलनं ही दबेल," उस्ताद म्हणाले, "पण ते बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही. आवाज लपतो, झीज होतच राहते."

चाकणच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण गाडी बघायला आला. आम्ही त्याला सकाळीच बोलावले, थंड इंजिन स्टार्ट करून खडखड ऐकवली आणि कारणही सांगितले. त्याने वीस हजार कमी केले. फीला तेवढे कमी पडले. ते आम्ही दोन हप्त्यांत भरणार आहोत.

ऐब सांगून माल विकावा, हे आम्ही मुलांना वर्गात शिकवतो. त्या दिवशी मुलगी अंगणात उभी राहून सगळे ऐकत होती.