२८ या आकड्याचा मोह

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये २०२३ साली भरलेल्या योहानेस व्हर्मीरच्या प्रदर्शनाचे गोडवे एव्हाना पुरेसे गाऊन झाले आहेत. १० फेब्रुवारी ते ४ जून या काळात साडेसहा लाख माणसे येऊन गेली. उद्घाटनानंतर काही दिवसांतच तिकिटे संपली. गडद भिंतींवर, मोकळी जागा सोडून लावलेली ती चित्रे देखणी दिसली, याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे भांडण आहे ते २८ या आकड्याशी.

व्हर्मीरची म्हणून मानली जाणारी चित्रे जगात जेमतेम ३५ ते ३७. त्यांपैकी २८ एका छपराखाली आली, इतकी पूर्वी कधीच आली नव्हती, अशी दवंडी होती. मात्र या गणतीत 'बासरी घेतलेली मुलगी' हे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टचे चित्रही धरले होते. आणि ते व्हर्मीरचे नाही असे खुद्द त्या संस्थेनेच ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले होते. महासाथीत दालने बंद असताना तिथल्या अभ्यासकांनी रंगांचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. व्हर्मीर खालच्या थरात भरड रंग वापरी आणि वरचा थर तलम ठेवी. येथे वरचाच थर भरड निघाला. चितारणाऱ्याला व्हर्मीरच्या खुब्या ठाऊक होत्या, सावलीतल्या त्वचेत हिरवी छटा मिसळण्याची युक्तीसुद्धा. हात मात्र त्याचा नव्हता.

राइक्सम्यूझियमने हा निष्कर्ष नाकारला. त्यास आमची हरकत नाही. तज्ज्ञांत मतभेद असावेतच. परंतु ज्या संस्थेला विक्रमी बेरीज मिरवायची आहे, तिनेच त्या बेरजेतल्या संशयिताचा न्यायनिवाडा करावा, हे कोणत्या न्यायात बसते? संशयाचा फायदा नेहमी मोठ्या आकड्यालाच कसा मिळतो?

हॉलंडला तरी या मोहाची किंमत माहीत असायला हवी. १९३७ साली अब्राहम ब्रेडियससारख्या जाणत्याने एमाउसच्या भोजनाच्या चित्रावर व्हर्मीरची मोहोर उठवली आणि रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाने ते मिळवले. ते हान व्हान मेगेरेनने रंगवलेले बनावट चित्र होते, हे त्याने स्वतःच १९४५ मध्ये कबूल केले. दुर्मिळतेची भूक भल्याभल्यांची नजर कशी मंदावते, याचा दुसरा पुरावा कशाला हवा? (वॉशिंग्टनच्या चित्रात बनावटगिरीचा प्रश्न नाही, हेही नोंदवलेले बरे.)

आम्हाला अधिक खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. व्हर्मीरकडे शिष्य असल्याची नोंद डेल्फ्टच्या दफ्तरांत नाही. म्हणून एकांतात बसलेला, मोजकेच रंगवणारा प्रतिभावंत अशी त्याची मूर्ती आपण घडवली. वॉशिंग्टनचे म्हणणे खरे असेल, तर त्याच्या खोलीत आणखी कुणीतरी वावरत होते: शिष्य, मदतनीस, कदाचित घरातलेच माणूस. साडेतीनशे वर्षांनी त्या अनामिकाची चाहूल लागली होती. 'लाल टोपीतली मुलगी' हे त्याच संग्रहातले, निर्विवाद मानलेले चित्रही अ‍ॅम्स्टरडॅमला आले होते. दोन्ही शेजारी ठेवून, दोन्ही बाजूंचे पुरावे मांडून, प्रेक्षकालाच पाहू द्यायचे! साडेसहा लाख डोळस माणसांपुढे याहून रोमांचक प्रश्न कोणता ठेवता आला असता? पण मग २८ चे २७ झाले असते.

प्रदर्शन आटोपले आणि ती लहानशी लाकडी फळी अटलांटिकपार परत गेली. तिथे तिच्यापुढे नाव आहे व्हर्मीरच्या कार्यशाळेचे.