पिशवी ज्याची त्याने भरावी

म्हातारा-म्हातारीने कुठे जायचं नाव काढलं की मुलं लगेच कामाला लागतात. गाडी ठरते, हॉटेल ठरतं, कुठल्या गावी किती वाजता जेवायचं तेही ठरतं. वर आपल्याला सांगायचं, "आई, तुम्ही दोघं काही बघू नका, नुसतं बसा." माया असते त्यात, नाही कशाला म्हणू? पण मंडळी, सहलीतली निम्मी मजा ती ठरवण्यात असते, आणि नेमकी तीच आमच्या हातून काढून घेतली जाते. बसायचंच तर ईटला ओट्यावर काय वाईट आहे?

आम्हाला या ऑक्टोबरात विजापूरला जायचंय. (2014 पासून कागदोपत्री विजयपूर, पण आमच्या तोंडी विजापूरच.) पुण्याहून मुलाने लगेच चार दिवसांत पाच शहरं असा एक बेत पाठवला. बिदर, गुलबर्गा, विजापूर, बदामी, हंपी. विजापूरच्या वाट्याला आले अडीच तास! मी चाळीस-पन्नास पोरं घेऊन एसटीने शाळेच्या सहली नेल्या आहेत, त्यामुळे अडीच तासांत काय दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. चढताना डोकी मोजायची, उतरताना डोकी मोजायची. गोल घुमटाच्या सज्ज्यात भिंतीशी पुटपुटलेलं समोरच्या बाजूला, सदतीस-अडतीस मीटरवर ऐकू जातं, हे मी वर्गात किती वर्षं शिकवलं. स्वतः ते कधी ऐकलं नाही. पोरांच्या कालव्यात ऐकणार कसं? म्हणून बेत आमचा आम्हीच करायचा ठरवला.

पहिला प्रश्न तारखेचा. आमच्या भागात ऑक्टोबर म्हणजे नुसतं छान हवामान नव्हे. सोयाबीनची काढणी, ज्वारीची पेरणी, त्यात घराला कुलूप लावून निघालेलं बरं दिसत नाही. कोजागरीच्या आसपास तर तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचा महापूर असतो, सोलापूरकडचे रस्ते वाहनांना बंद करतात. तेव्हा कोजागरी झाली की वसुबारसेच्या आत, हे दहा-बारा दिवस आमचे. तेही निसर्गाने दिले तर. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात काय झालं ते विसरलेलं नाही. शेतं खरवडून गेली, सीनेच्या पाण्याने सोलापूर-विजापूर महामार्गसुद्धा बंद पडला होता. त्या वर्षी सहलीचा विषयच निघाला नाही.

दुसरी गोष्ट, विजापूरला जायच्या आधी परंड्याला जायचं. यावर सूनबाई हसली, पण हे अगदी विचार करून ठरवलंय. विजापूरच्या बुरुजावरची 'मलिक-ए-मैदान' तोफ सगळे बघतात, तिच्यापुढे फोटो काढतात. ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यातून तिकडे गेली, हे आपल्याच जिल्ह्यातल्या कितीजणांना माहीत असतं? 1549 मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात, निजामशाहीत ही तोफ ओतली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेलं श्वापद. 1632 मध्ये मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापूरला नेली. शेकडो बैल आणि वर हत्ती लागले म्हणतात. आकडा नेमका असो नसो, भीमा ओलांडून ते धूड नेलं एवढं खरं. ज्या जागेवरून निघाली ती जागा आधी बघितली, तर तिकडे बुरुजावर उभं राहिल्यावर काहीतरी समजेल. नाहीतर तोफ म्हणजे नुसती मोठी तोफ. परंडा भूमच्या शेजारचाच तालुका, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

आणि चौथीच्या इतिहासात आदिलशाही म्हणजे अफजलखान, एवढंच पोरांच्या डोक्यात राहतं. मीही तसंच शिकवलं, परीक्षेला तेवढंच यायचं. शहाजीराजांची किती वर्षं त्याच दरबारच्या चाकरीत गेली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने दखनी भाषेत 'किताब-ए-नौरस' लिहिलं, त्यात सरस्वतीला वंदन आहे. त्याची कबर असलेला इब्राहिम रोजा गोल घुमटापेक्षा लहान, पण कोरीवकाम बघायला तिथे सावलीत निवांत बसावं लागतं. म्हणून आमच्या दोन दिवसांच्या वहीत तीनच नावं आहेत: घुमट, रोजा, तोफ. बाकीचं दिसलं तर दिसलं.

आता सामानाचं. यात माझा एकच नियम आहे, आणि तो घरात कुणालाच पटत नाही. जी पिशवी मला स्वतःला उचलून एसटीच्या पायऱ्या चढता येणार नाही, ती न्यायची नाही. चाकाची बॅग मुलाने आणून दिलीय, चांगली आहे, पण आमच्या स्टँडवर चाकं चालवणार कुठे? दोन साड्या, यांचे दोन सदरे, टॉवेल, पातळ शाल. दुपारी ऊन भाजतं आणि पहाटे गारवा असतो, म्हणून शाल हवीच. गोळ्या मात्र दोन ठिकाणी वाटून ठेवायच्या, यांच्याकडे चार दिवसांच्या, माझ्याकडे चार दिवसांच्या. बॅटरी, काठी, वही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. भूमचा पेढा थोडा जास्त, कारण प्रवासात ओळख काढायला पेढ्यासारखी दुसरी वस्तू नाही. कन्नड येत नसलं तरी पेढा समजतो.

आधार कार्ड वरच्या कप्प्यात. यांची पंचाहत्तरी उलटली, त्यांना 2022 पासून एसटी पूर्ण माफ. मला 2023 पासून बाई म्हणून निम्मं. यावरून घरात रोज कोणीतरी कोणाला तरी चिडवतं! पण सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचे पैसे भरावे लागतात. कर्नाटकात बायकांना फुकट आहे, पण त्यांच्याच राज्यातल्या. असो.

मुलांची काळजी मला कळते. घुमटाला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, अरुंद आणि उंच. माझे गुडघे आहेत तसे आहेत, आणि यांना डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागलंय. उजव्याचंही पुढच्या वर्षी काय असेल कोण सांगणार? मुलगा म्हणतो, "म्हणूनच गाडीने जा, खालूनच बघा." मी म्हणते, म्हणूनच याच वर्षी जायचं, सकाळी लवकर, शाळांच्या सहली यायच्या आत, आणि दर वीस पायऱ्यांना बसत बसत वर चढायचं. तासाला तास लागू दे. पाच शहरांच्या बेतात हा तास कुठून आणणार होता तो?

थोडी तडजोड मीही केली. मुक्कामाची खोली मुलाने फोनवरून ठरवली, तळमजल्यावरची. ते काम त्याला माझ्यापेक्षा बरं जमतं. परतीच्या दिवशी सोलापूरला फोन करायचा, असंही कबूल केलंय. सूनबाईने गोळ्यांना रंगीत डबी दिली, ती घेतली. पण वही माझ्याकडे आहे. परंड्याला या गुरुवारी निघतोय. यांनी काल स्वतःची पिशवी भरली, मी उचलून पाहिली, जड लागली. दोन जाड पुस्तकं निघाली आत. एक काढून ठेवायला लावलं, दुसऱ्यावर अजून बोलणी चालू आहेत.