धरणाच्या काठावर कोणाचं कुत्रं चालतं?

पाऊस चांगला झाला की बीडकरांची पावलं पालीजवळच्या बिंदुसरा धरणाकडे वळतात. माजलगावकर सिंदफणेवरच्या धरणाची भिंत गाठतात, केजकडचे लोक धनेगावला मांजरा धरणावर जातात. हा हौशी गर्दीचा हंगाम. पण अलीकडे बाराही महिने पहाटे फिरणारे दिसू लागलेत आणि त्यातल्या काहींच्या हातात कुत्र्याचा पट्टा असतो. आपल्या वस्तीतली पोरंही आता कुत्री पाळतात, त्यांना फिरवायला नेतात, फोटो टाकतात. यावर आपल्याच काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी नाकं मुरडली आहेत. त्यांचं म्हणणं असं की, ज्या तळ्यावर कुत्र्याला पाणी होतं आणि आपल्या बापजाद्यांना नव्हतं, त्या देशात आपण कुत्री कुरवाळत धरणावर फिरायचं? हे साहेबी चोचले चळवळीच्या पोरांना शोभतात का?

या म्हणण्यामागची जखम खरी आहे. निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही.

कुत्र्याचं उदाहरण आपल्या चळवळीत आलं कुठून, ते आधी नीट आठवू. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तळं कागदावर खुलं झालं, काठावर नाही. तिथे गुरं पाणी पीत होती, कुत्री पीत होती, परधर्माचा माणूस पीत होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं त्या तळ्यावर चालत गेली तेव्हा मात्र ‘तळं बाटलं’ आणि शेण-गोमूत्राने ते शुद्ध करण्यात आलं. पुढे खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडलं. तळ्यावर फक्त स्पृश्यांचा हक्क असल्याची पुरातन रूढी सवर्णांना सिद्ध करता आली नाही. या दहा वर्षांच्या लढ्यात कुत्र्याला तळ्यावरून हाकला, अशी मागणी बाबासाहेबांनी एकदाही केली नाही. १४ ऑगस्ट १९३१ ला मणिभवनात गांधीजींना त्यांनी कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागणुकीचा दाखला दिला, तोही माणसाची किंमत सांगण्यासाठी. कुत्रं तिथे मोजपट्टी होतं, आरोपी नव्हतं. आपण मोजपट्टीवरच राग काढत बसलो आहोत.

महाड लांब वाटत असेल तर आपल्या मराठवाड्यातलीच गोष्ट घ्या. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहायला निघाले होते. मुलूख निजामाचा, बीडही तेव्हा त्याच संस्थानात. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून काहींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर तोंड-हातपाय धुतले. त्यावरून गलका झाला, धेडांनी हौद बाटवला म्हणून. रमजानचे दिवस होते. ओरडणारा म्हातारा मुसलमान होता, हेही विसरून चालणार नाही, कारण जातीची घाण धर्म ओलांडून जाते, हे बाबासाहेबांनी तिथे अनुभवलं आणि लिहून ठेवलं. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही. अट पाळली जाते की नाही ते बघायला हत्यारी शिपाई सोबत दिला.

पाण्याच्या कडेने आपली फेरी अशी होती. शिपायाच्या पहाऱ्यातली. म्हणून धरणाच्या काठावर आपल्या पोराने बिनधास्त, शीळ घालत, कुत्र्याला घेऊन फिरणं याला आम्ही चोचले म्हणायला तयार नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदातलं दुसरं कलम उघडून पाहा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा, असं नाव घेऊन लिहिलं आहे. धरण सरकारी पैशातून बांधलेलं. त्याची भिंत, त्याचा रस्ता, त्याचा काठ या सगळ्याला हे कलम लागू आहे. फिरणं ही त्या कलमाची रोजची अंमलबजावणी आहे.

आता आजच्या काठावर काय चालतं ते बोलू. जर्मन शेफर्ड घेऊन चालणाऱ्या साहेबाला सगळे रामराम घालतात, कुत्र्याची जात कौतुकाने विचारतात. (कुत्र्याची जात विचारली तर कोणी ॲट्रॉसिटी लावत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.) त्याच वाटेने पारधी समाजाचा तरुण आपलं उंच, सडपातळ कारवान कुत्रं घेऊन निघाला, की नजरा बदलतात. कुठला तू? इकडं काय काम? ससे धरायला आलास का? कुत्रं दोघांकडे आहे. एकाचं कुत्रं छंद ठरतं, दुसऱ्याचं पुरावा ठरतं. १८७१ साली इंग्रजांनी माणसांच्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण काठावर उभ्या माणसाच्या डोक्यातून अजून निघालेला नाही. धनगराच्या मेंढरामागचं कुत्रं, ऊसतोडीच्या कोपीसमोर बसलेलं कुत्रं, वस्तीतलं कोणाचंच नसलेलं आणि सगळ्यांच्या भाकरीवर जगणारं कुत्रं, यांना धरणाच्या नकाशात जागा नसते. ‘श्वानप्रेमींचं स्वागत’ अशी पाटी उद्या एखाद्या धरणावर लागली, तर ती कोणत्या श्वानासाठी आणि कोणत्या प्रेमींसाठी, हे आपण पहिल्याच दिवशी विचारलं पाहिजे.

जगाला आमचा जिल्हा कसा माहीत झाला बघा. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती. अडीचशेचा आकडा जगभर फिरला, परदेशी वाहिन्यांनी ‘टोळीयुद्ध’ म्हणून बातम्या केल्या. त्याच तालुक्यातून दर हंगामात कोयता घेऊन जाणाऱ्या माणसांची बातमी व्हायला एवढी धावपळ झालेली आम्ही पाहिली नाही.

जातीची ही नजर जुनी आहे. महाभारतात पांडव शिकारीला निघाले तेव्हा सोबत कुत्रं होतं. ते रानात निषादपुत्र एकलव्याला पाहून भुंकलं. त्याने इजा न करता बाणांनी त्याचं तोंड बंद केलं आणि त्या कसबाची किंमत अंगठ्याने चुकवली. राजपुत्रांच्या कुत्र्याला रान मोकळं, रानातल्या पोराला नाही.

याला आपल्याकडे उत्तर आहे, ते जातककथांत. कुक्कुर जातकात राजाच्या रथाचे चामडी पट्टे रात्री पावसात भिजतात आणि कुत्री ते कुरतडून खातात. बाहेरची कुत्री आत शिरली, असं नोकर सांगतात. राजा हुकूम देतो, दिसेल ते कुत्रं मारा. राजवाड्यातली उंची जातीची कुत्री तेवढी वगळली जातात. स्मशानातल्या कुत्र्यांचा पुढारी म्हणून जन्मलेला बोधिसत्त्व थेट दरबारात जातो आणि विचारतो, चोर कोण ते न शोधता दुबळ्यांना मारणं हा कुठला न्याय? मग वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ पाजायला लावतो. ती ओकतात, चामडं बाहेर पडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतली मोकाट कुत्री सरसकट उचलण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. ११ तारखेचा हा आदेश २२ तारखेला बदलला आणि नसबंदी-लसीकरण करून कुत्री परत सोडण्याचं ठरलं. तेव्हा देशभर दोन तट पडले. त्या गदारोळात ही कथा आपल्या किती विहारांत वाचली गेली? १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. ती आपण पाठ म्हणतो.

दयेची भाषा करताना चावा कोणाला बसतो, हेही बोललं पाहिजे. पहाटे झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार बाई, उघड्यावर खेळणारं वस्तीतलं पोर, पालात झोपणारं कुटुंब, यांना आधी बसतो. बंगल्याला फाटक असतं. म्हणून कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या आपल्या पोरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस आहे का, मोठ्या जखमेत लागणारं सीरम कुठे मिळतं, हे माहीत करून घ्यावं. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, हळद-चुना भरायचा नाही आणि लशीचा एकही डोस चुकवायचा नाही, एवढं वस्तीत सांगितलं तरी जीव वाचतात.

आणि काठावरची शिस्तही हवी. पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातली गाळपेर जमीन उघडी पडते. तिथे हरभरा, ज्वारी, कलिंगडं घेणारा बहुतेकदा धरणात शेत गेलेला किंवा भूमिहीन माणूस असतो. तुमचं कुत्रं मोकळं सोडलं आणि त्याची रोपं तुडवली, तर तुमचा छंद त्याच्या पोटावर पाय देऊन झाला. टिटवीसारखे पक्षी उन्हाळ्यात त्याच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथे पट्टा हातात असलाच पाहिजे. याच जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी गायरानासाठी माणसं उभी केली, तेव्हा पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी लोकांनी मार खाल्ला. त्या माणसांच्या नातवंडांनी गाळपेरातून कुत्रं दौडवत न्यावं, हे आम्हाला बघवणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी चला. वस्तीतल्या बायकांना, पारधी आणि वडार मित्रांना, ज्याचं जे कुत्रं असेल त्यासह घेऊन चला. पट्टा नसेल तर दोरी चालेल. वाटेत कोणी ‘कुठले तुम्ही’ असं एकालाच विचारलं, तर उत्तर सगळ्यांनी मिळून द्यायचं. जात काढून अडवलं, तर तारीख, वेळ आणि साक्षीदारांची नावं तिथल्या तिथे लिहून ठेवायची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यात तलाव, घाट आणि रस्ता वापरण्यापासून रोखणं हा स्पष्ट गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जाताना ते कलम छापून सोबत न्या.