विश्लेषण : जुन्या गाडीला अलार्म बसवताना आवाजापेक्षा ‘कट-ऑफ’ महत्त्वाचा का?

पावसाळ्यातल्या शनिवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या एखाद्या गाडीचा अलार्म केकाटू लागला, तर थांबून बघतो कोण? कुणाचा तरी धक्का लागला असेल, असे म्हणून माणसे पुढे जातात. तरीही मारुती ८००, ऑम्नी, सुमो, जीप अशा जुन्या गाडीच्या सुरक्षेचा विषय निघाला, की मालक पहिली चौकशी सायरनचीच करतो. मावळ-लोणावळ्यात तरी हा क्रम उलटा हवा. आधी गाडी चोराच्या हाती सुरूच होणार नाही अशी सोय, मग आवाज.

जुन्या गाडीलाच धोका अधिक का?

अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीत चिप असते. ती ओळखीची नसेल तर गाडीचा संगणक इंजिन सुरू होऊ देत नाही. हाच इमोबिलायझर. जुन्या गाडीत असा पहारा नाही. तिथे किल्ली म्हणजे नुसता कातलेला धातूचा तुकडा. वर्षानुवर्षांच्या वापराने कुलूप इतके झिजते, की कधी कधी भलतीच किल्लीही त्यात फिरते.

त्यात अनेक जण जुन्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. कायद्याला तेवढा पुरतो, पण त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. बाजारात त्या गाडीला फारशी किंमत नसेलही. पण कामशेतहून भाजी किंवा पवन मावळातून दूध वाहणारी ऑम्नी गेली, तर गाडीबरोबर रोजचा धंदाही जातो.

कट-ऑफ नेमका कुठे हवा?

सर्वात सोपा उपाय म्हणजे स्टार्टरच्या तारेत लपवलेला रिले. तो बिघडला तरी चालत्या गाडीचे इंजिन बंद पडत नाही, म्हणून मेकॅनिकही तोच सुचवतात. मात्र हा सगळा उताराचा मुलूख. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायची आणि उतारावर गिअर टाकायचा, की स्टार्टरशिवायही इंजिन सुरू होते. त्यामुळे इथे एकट्या स्टार्टर कटवर भागत नाही.

कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलचा पुरवठा तोडता येतो, तर एमपीएफआय गाडीत विजेवर चालणाऱ्या इंधन पंपाचा. जुन्या डिझेलची गोष्ट वेगळी. त्यात ठिणगीच नसते, तेव्हा इग्निशन तोडून काय होणार? पंपावर इंधन रोखणारा सोलेनॉइड असेल, तर त्याची तार तोडावी लागते. ओढून बंद करायच्या केबलची गाडी असेल, तर गिअर लॉक आणि स्टीअरिंग लॉक हेच खरे रखवालदार. लोखंडी कुलूप दिसायला गावठी असेल, पण ते काचेतून दिसते आणि तोडायला वेळ लागतो.

मोबाइलवरून चालती गाडी बंद करणारी यंत्रणा मात्र टाळलेली बरी. खंडाळ्याच्या घाटात इंजिन अचानक बंद पडले, तर ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते, पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होते. चोर पकडायच्या नादात मागून येणाऱ्या एसटीतल्या प्रवाशांचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कुणालाच नाही. कट-ऑफ लागू व्हावा तो गाडी बंद करून किल्ली काढल्यावरच.

पावसाळ्यात अलार्म विनाकारण का वाजतो?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दाराच्या चौकटीतला बटणासारखा स्विच ओलाव्याने गंजतो आणि दार बंद असूनही ते उघडे आहे, असे अलार्मला वाटते. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरला विजांचा कडकडाट, शेजारून गेलेला ट्रक आणि टपावर उडी मारणारे माकड यांतला फरक कळत नाही. चार रात्री शेजाऱ्यांची झोपमोड झाली, की मालक स्वतःच अलार्मची तार काढून ठेवतो. संवेदनशीलता कमी करणे आणि दारांचे स्विच बदलणे, हे काम अलार्म बसवतानाच करून घ्यायला हवे.

बंगल्यावर महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे दुखणे निराळे. अलार्मने सतत २० मिलिअँपिअर वीज ओढली, तर महिन्यात सुमारे १४ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. ती जुनी असेल तर महिन्याने मालकाचीच गाडी सुरू होत नाही.

बसवताना काय पाहावे?

वायरिंग. यंत्र कितीही नामांकित असले, तरी वीस वर्षांच्या कडक झालेल्या तारा सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळली असेल तर चोरीआधी आगीची भीती. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज, सोल्डर किंवा क्रिम्प केलेले जोड आणि पाण्यापासून दूर ठेवलेला रिले एवढे तरी मागून घ्यावे. कट-ऑफ कुठे बसवला, याची आकृती मालकाकडे हवीच; नाहीतर पुढचा मेकॅनिक तासन् तास ‘बिघाड’ शोधत बसेल.

विम्यात सवलत मिळते का?

चोरीरोधक यंत्राला पुण्यातील ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ची मान्यता असेल तर मिळते. पण मोटार टॅरिफमधील तरतूद स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये अशी आहे. थर्ड पार्टी विमाधारकाला तीही नाही. म्हणजे सवलतीसाठी यंत्र बसवण्यात अर्थ नाही.

मग जीपीएस?

पूरक म्हणून चांगला. मात्र तो सिमकार्डावर चालतो आणि डोंगराआड रेंज गेली की नकाशावरचा ठिपका तिथेच थांबतो. फास्टॅगचा संदेशही माग देऊ शकतो. खालापूर, वरसोली किंवा सोमाटणे नाक्यावर पैसे कापले गेले, तर गाडी कोणत्या दिशेला गेली ते कळते. चोराने काचेवरचा टॅग आधीच खरवडून काढला नसेल, तर.